बंद दारांपुढे

अण्णा, तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली आणि मी, तुमची लेक, अजूनही घाबरते. मदतीचं काम करणाऱ्या संस्थेत आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, बाई धीट असेल.

पिंपळे गुरवला आपल्या घरामागची वस्ती जळाली तेव्हा मी दहावीत होते. शेजारपाजारच्या जुन्या साड्या गोळा करून वाटून आले आणि ऐटीत तुम्हाला सांगितलं. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलेले, बूटही काढले नव्हते. "त्यांना काय पाहिजे ते विचारलंस का?" एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर एक बाई मांडीवर तीन साड्या घेऊन बसलेली आणि भात शिजवायला पातेलं नाही.

यंदा चाकणजवळच्या एका वस्तीत परराज्यांतून आलेल्या कामगारांवर दगडफेक झाली. ते भाड्याच्या खोल्यांना आतून कड्या लावून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवणाची पाकिटं आणि शिधा घेऊन गेलो. रस्त्यावर काचांचा खच. गाडीच्या भोंग्यावरून हाका मारल्या, पण एकही दार उघडेना. नाक्यावर माणसं जमायला लागली. ड्रायव्हर म्हणतोय, "मॅडम, निघू या," आणि मी गाडीच्या दाराला धरून उभी. खोल्यांच्या मालकीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांना विचारलं, "काय करू, तुम्हीच सांगा."

"गाडीला भ्यात्यात ती," त्या म्हणाल्या. "पाकिटं ऱ्हाऊ द्या. डाळ-तांदूळ द्या, आमी बाया रांधतो. आमच्या हातचं खातील."

"आणि नाक्यावरची माणसं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "त्यात माझा ल्योकबी हाय. मी म्होरं असल्यावर न्हाई उचलायचा दगुड." मग हळूच, "न्हाई उचलायचा."

तासाभरानं त्या खिचडीचं पातेलं घेऊन निघाल्या, मागे चार बायका. मुलगा दोन पावलं पुढे आला. तो तिथेच थांबला. त्यांनी पहिलं दार वाजवलं, "खोलो रे, मैं है, मालकीण." कडी वाजली. मग एकेक करत सगळीच दारं उघडली.

रिपोर्टात मी लिहिलं, "आम्ही स्थानिक महिलांसोबत दारोदार गेलो." ऑफिसात कौतुक झालं. तुम्हाला लिहितेय ते हे कागद कुणालाच दाखवायचे नाहीत, म्हणून खरं सांगते. त्या दार वाजवत होत्या तेव्हा मी गाडीत होते, काचा वर करून.