जाळीतले वाल

५ जानेवारी १९९८
आजपासून पीएच.डी. जोरात. विषय, वालाच्या विषाणूवरचं प्रथिनांचं कवच. त्या कवचाला चिकटणारी अँटिबॉडी गाईड मॅडमनी सशापासून काढून दिली आहे. आजारी पानाच्या रसाची टेस्ट पिवळी होते, निरोगी पानाची होत नाही. पोरखेळ! निडीला शेतात आजारी वाल मोप. निरोगी फक्त रोग पसरवणारे किडे अडवायला लावलेल्या जाळीखालचे दोन वाफे. उद्या पानं तोडतो.

६ जानेवारी
दव फार. ओली पानं शास्त्राला चालत नाहीत.

१४ जानेवारी
संक्रांत. आज कोण काम करतं?

२२ जानेवारी
मॅडमचा फोन. ३ फेब्रुवारीला येतात. निरोगी आणि आजारी शेजारी शेजारी दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. सहा वर्षं झाली म्हणे. रागावतात, पण जीव आहे माझ्यावर.
लगेच आजारी पानांची टेस्ट केली. पिवळीधमक! म्हणजे निम्मा डॉक्टर झालो. बायकोला सांगितलं. शांती म्हणाली, उरलेला निम्मा कधी? हिला विज्ञानाचा गंध नाही.

२९ जानेवारी
केरू आमचं शेत बघतो. चार माणसांत विचारलं, जाळीतलं काम झालं का. नाही कसं म्हणणार? केव्हाच झालं, म्हटलं. फार खूश झाला. विद्वत्तेची कदर आहे त्याला.

१ फेब्रुवारी
संध्याकाळी केरूकडे पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आणि भोवती जाळ. शेंगांना कीड नाही, डाग नाही. दोनदा मागून घेतल्या. इतके झकास वाल कुठले, विचारायचं राहिलं.
उद्या पानं. नक्की.

२ फेब्रुवारी
जाळी आहे. वाल नाहीत.
केरू म्हणतो, "तुमीच बोल्लात ना सर, काम झालं? झाडं उपटली, शेंगा पोपटीला, पाला म्हशीला."
म्हशीचा भयंकर राग आला.

३ फेब्रुवारी
मॅडम आल्या. न डगमगता मुद्दा मांडला. झाडं निरोगीच होती, मी स्वतः खाल्ली आहेत, मला काहीही झालेलं नाही.
मॅडम म्हणाल्या, "मग टेस्टला तुमचाच रस काढू का?"
शांती हसली. घरात आपलं म्हणून कोणी नसतं.
केरूने उरलेली पोपटी आणली. शिजल्यावर प्रथिनं कामाची राहत नाहीत असं सांगून मॅडमनी ती सगळी खाल्ली. नोंदणी रद्द.
रोहा स्टँडवर सोडायला गेलो. रडू येत होतं. गाडी सुटताना मॅडमनी खिडकीतून हाक मारली. वाटलं, मुदत वाढवली. धावलो.
त्यांनी विचारलं, पोपटीत ओवा किती घालतात.
मला माहीत नव्हतं.