दारातलं कुर्डू

जिंतूर, २८ सप्टेंबर

प्रिय ऋतुजा,

चार वर्षांनी आप्पाचं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं बरं आहे. हे पत्र चौकशीचं आहे, आणि खरं सांगायचं तर तूही या भानगडीत आहेस असा माझा दाट संशय आहे.

झालं असं. मृगात तुझ्या आईनं फाटकाजवळ वाफा केला. विचारलं तर म्हणाली, झेंडू लावायलेय. चार पानांवर आलं तेव्हाच मी ओळखलं, कुर्डू! अगं, बत्तीस वर्षं कृषी सहायक म्हणून मी गावोगावच्या बांधावर घसा कोरडा केला, की कुर्डू बी धरायच्या आत उपटा, एक झाड राहिलं तर पुढली कैक वर्षं पिकात छळतं. आणि आता माझ्याच दारात कुर्डू, तेही रोज तांब्यानं पाणी घालून! म्हटलं भाजीसाठी असेल, तर एक पान खुडू देईना. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आधी शेजारच्या कस्तुराबाईंवर नजर ठेवली. त्यांना उपाय सांगायची लय हौस. दाराशी कुर्डू लावलं की दृष्ट लागत नाही, असलं काहीतरी हिच्या डोक्यात भरवलं असणार. आडून आडून विचारलं, तर त्याच उलट म्हणाल्या, आप्पा, दोन रोपं आम्हालाही द्या. पुढं गुलाबी टोकांचे तुरे आले, खालून रुपेरी होत गेले, तशी जाणारी येणारी माणसं थांबून फोटो काढायला लागली. दिसायला वाईट नव्हतं, हे तुलाच सांगतो.

मग फोनचं प्रकरण. मी रोज सहाला महादेवाला जातो. एकदा चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो, तर ही वाफ्याशी बसून एकेका तुऱ्यासमोर फोन धरून हळू आवाजात बोलायली होती. मला बघताच फोन पदराआड. कोण होतं, तर म्हणे राँग नंबर. राँग नंबरला कुणी फुलं दाखवतं का? दुसऱ्या दिवशी समोरच्या भगवानरावांच्या टपरीआडून पाळत ठेवली. या वयात! तर ती हसायली होती. चार वर्षांत घरात तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला राग आला तो त्याचाच.

गेल्या सोमवारी ती बाजाराला गेली आणि मी सगळा वाफा उपटला. बी धरायच्या आत, नियमाप्रमाणे. मुळासकट घंटागाडीत टाकला. ती आली, मोकळ्या मातीकडे बघत उभी राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. आत जाऊन तांदळाच्या डब्यातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. वर तुझं अक्षर. मग तिनं एकदाच काय ते सांगितलं. घर सोडताना आपल्या बांधावरून मूठभर बी नेलं होतंस, नाशकात गॅलरीत दरसाल लावतेस, त्यातलंच आईला पाठवलं होतंस. ती दाराशी लावेल आणि तू फोनवर घर बघशील म्हणून.

तू आठ वर्षांची होतीस तेव्हा सुट्टीत माझ्या गाडीवर बसून बांधावर यायचीस. एकदा गडी कुर्डू उपटायले होते, तर एका झाडापुढं हात आडवे करून उभी राहिलीस. मी ते एक झाड ठेवलं. सगळ्या नोकरीत तेवढी एकच कसूर केली मी. पुढं तू न विचारता नचिकेतशी लग्न केलंस आणि मी हुकूम सोडला, की या घरात तुझं नाव घ्यायचं नाही. तुझ्या आईनं हुकूम पाळला. नाव घेतलं नाही, फक्त फूल लावलं. आणि मी मात्र माझ्याच लेकीचा माग काढत टपरीआड उभा होतो. लाज वाटायली गं.

पत्राचं कारण एवढंच. पाच दिवस झाले, ती जेवायला वाढते पण एक शब्द बोलत नाही. मी शेतातून चार रोपं आणून लावली, तर काढून बाहेर टाकली. तिला कुर्डू नको, तुझ्या हातचं कुर्डू पाहिजे. पाकीट रिकामं आहे आणि मी एक दाणासुद्धा मागं ठेवला नाही. तुझा पत्ता त्याच पाकिटावरून घेतला. दिवाळीपर्यंत तुझ्या गॅलरीतलं बी तयार होईल. पोस्टानं पाठवू नकोस, पोस्टावर माझा भरवसा नाही. तू स्वतः घेऊन ये. नचिकेतलाही आण, त्याला तण ओळखता येतं का ते बघू. वाफा मी खणून ठेवलाय.

तुझाच,
आप्पा