कच्च्या बेसनाचे लाडू

आई, आपल्या शेजारच्या काकू गेल्या महिन्यात गेल्या. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत होत्या, असं जो तो सांगत होता आणि त्याचं श्रेय तुला देत होता. मी मान डोलावत होते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हा दोघींचं नाव एकत्र निघालं की माझ्या पोटात अजून दुखतं, हे आधीच सांगून टाकते.

तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखाना नुकता उभा राहिला होता. बाबांना मिळालेल्या क्वार्टरच्या भिंतींना ओल्या चुन्याचा वास यायचा. मी चौदा वर्षांची. काकू कोकणातल्या, आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, अंगानं चांगल्याच भरलेल्या. गुडघे इतके धरायचे की नळावरून घागर आणताना वाटेत दोनदा टेकवायच्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन उपास धरले. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तुपात परतलेली रताळी. महिन्यानं पाहतात तो वजन चार पौंडांनी वाढलेलं. तू पदर तोंडाला लावून हसलीस. "एकादशी अन् दुप्पट खाशी! वैनी, हे काय एका महिन्यात चढलंय व्हय? मग महिन्यात उतरंल कसं? उपाशी ऱ्हाऊ नका. रोज जेवा, पर बेतानं जेवा. अन् सकाळी माझ्यासंगं चाला."

मग तुझा कारभार सुरू झाला. आधी वाटीभर पालेभाजी खायची, मग ज्वारीची एक भाकरी, भात निम्मा, चहात साखर निम्मी. घास नीट चावायचा, दिवेलागणीला जेवून घ्यायचं. आणि रोज सकाळी चिंचवडच्या नदीच्या दिशेनं चालायचं. पहिले पंधरा दिवस पहिल्या बाभळीपर्यंत, पुढचे पंधरा दिवस तिच्या पुढच्या. घाई करायची नाही, ही तुझी सक्त ताकीद. मी दारात उभी राहून तुम्हाला जाताना बघायचे. घरात 'हे घे, ते ठेव' यापलीकडे न बोलणारी तू, रस्त्याला लागलीस की काकूंच्या खांद्यावर हात टाकून खळखळून हसायचीस. तसं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मीही काही काटकुळी नव्हते, शाळेत पोरी मला भोपळा म्हणायच्या. एकदा धीर करून विचारलं, "मी पण येऊ चालायला?" तू म्हणालीस, "तुझं वाढतं अंग हाय. तुला काय धाड भरलीय? बाबांचा डबा भर." बरोबरच बोललीस, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी जळून खाक झाले.

काकूंचं वजन उतरायला लागलं, तशी माझी झोप उडाली. ते उतरलंच नाही तर तू कंटाळून त्यांचा नाद सोडशील, असा माझा हिशेब. दुपारी तू शिवणाच्या वर्गाला गेलीस की मी घाईघाईनं बेसन भाजून लाडू वळायचे आणि डब्यात लपवायचे. रोज दोन लाडू वाटीत घालून काकूंच्या दारात हजर. "आईनं पाठवलेत. माझ्यासमोरच खायला सांगितलंय." शेजारणीनं पाठवलेली वाटी नाकारायची नाही आणि रिकामी परत करायची नाही, हा आपल्या वसाहतीचा रिवाज. काकू खायच्या, वाटी धुऊन त्यात चार आमसुलं घालून द्यायच्या. ती मी वाटेत फेकून द्यायचे. तुपाची बरणी भराभर खाली गेली, तेव्हा "किती हादडशील?" म्हणून तू मला धारेवर धरलंस. ते मी मुकाट ऐकून घेतलं.

त्या महिन्यात दवाखान्याच्या काट्यावर काकू तीन पौंड जास्त भरल्या. तू त्यांना आपल्या ओट्यावरच गाठलंस. "वैनी, चोरून खाताय न्हवं? खरं सांगा." मी तुझ्या मागं उभी. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "होय हो ताई. जीभ राहत नाही माझी."

"मग माझं पाय कशाला झिजवता?" एवढंच बोलून तू आत आलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हलवून उठवलंस. "चल, तूच चल."

डाव साधला होता मी. आठ दिवस तू माझ्या एकटीची होतीस. आणि त्या आठ दिवसांत वाटभर काय बोललीस? वैनींचे गुडघे. वैनी आता पुन्हा भात तर ओरपत नसतील? बाई सोन्यासारखी, पर जिभेवर ताबा न्हाई. नवव्या दिवशी मी अंथरुणातूनच ऐकलं, तू पलीकडचं दार वाजवत होतीस. "वैनी, उठा!" मी डब्यातले उरलेले लाडू गाईला घातले. वर्षभरात काकूंचं वजन हळूहळू उतरलं आणि पुन्हा कधी चढलं नाही. तरी काकूंना जिभेवर ताबा नाही, हे तू मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहिलीस. काकू नुसत्या हसायच्या.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं गो. बेसन कच्चं होतं. तुझ्या आईच्या हातचं बेसन कधी कच्चं राहिलंय?"

"मग खाल्लेत कशाला?"

"दारात उभी राहून बघत होतीस ना, मी खाते की नाही ते. इतक्या आशेनं पोर बघत असली तर नाही कसं म्हणायचं?"

मला रडू आलं. आणि खरं सांगू, त्या रडण्यातही थोडी जळले. तुझ्या हातचं बेसन मला ओळखता येत नव्हतं, आणि त्यांना यायचं.

काकूंवरचा ठपका पुसायला हवा म्हणून हे लिहायला बसले. लिहून झालं आहे, तुझ्या फोटोपुढे ठेवणार होते. पण तुम्ही दोघी आता तिकडे भेटला असाल. हे वाचलंस तर आधी त्यांच्याकडे धावशील, त्यांचे हात धरशील, आणि माझी आठवण तुला मागाहून येईल. त्या स्वतःहून काही बोलणार नाहीत, एवढा मला त्यांचा भरवसा आहे. म्हणून हे कपाटात ठेवते. ते आठ दिवस तरी माझे राहू देत.