चौथा तुकडा

८ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी आज ऑफिसात सगळ्यांसमोर जाहीर केलं — रविवारी आमच्या विभागाला चॉकलेट टेस्टिंग! बाजारात नवीन दुकान निघालंय, त्याच्या वरच्या मजल्यावर. दोन तास बसायचं, सात प्रकारची चॉकलेटं चाखायची आणि त्यावर हुशारीनं बोलायचं. घरचं एक माणूस बरोबर आणायचं. नवरा दौऱ्यावर. म्हणजे आत्या.

आत्या तीस वर्षं चॉकलेटच्या कारखान्यात होती. आधी पॅकिंगला, मग चव बघायच्या खोलीत. तिच्या पगारावर मी शिकले. ऑफिसात मात्र सांगून ठेवलंय की आत्या बँकेत होती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून ती बँक मी निस्तरतेय.

९ फेब्रुवारी

आत्याला बजावलं, तिथे कारखान्याचा विषय काढू नकोस.

"का गं?"

म्हटलं, तज्ज्ञ माणूस असणार, त्याला वाटेल आपण त्यालाच शिकवायला आलोय. "बरं," म्हणाली. माझं सगळं तिला लगेच पटतं. वाद घालायची सोयच नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळचे सहा वाजलेत. आत्या आतल्या खोलीत पडलीय. लिहून टाकते, नाहीतर जेवण जायचं नाही.

सकाळी तिनं पावडर लावली नाही, तेल लावलं नाही, चहासुद्धा घेतला नाही. मी सेंट मारत होते तर म्हणाली, "चव बघायला जाताना वास लावून जातात होय?" मी आणखी दोनदा मारला.

लांब टेबल, पांढऱ्या बशा, प्रत्येकापुढे कोमट पाणी आणि एक कागदी कप. शिकवणारा दाढीवाला, कोऱ्या एप्रनमध्ये. तुकडा मोडा, आवाज ऐका, वास घ्या, जिभेवर विरघळू द्या. मॅडमनी डोळे मिटले आणि त्यांना जंगल आठवलं. मी म्हटलं, हो, ओलं लाकूड. कुठलं लाकूड! मला नुसतं गोड लागत होतं.

आत्यानं तुकडा कानाशी धरून मोडला. हुंगला. तोंडात घोळवला. आणि कागदी कप उचलून त्यात थुंकली. शांतपणे, ओठसुद्धा न माखता. वर कोमट पाण्याची चूळ. कारखान्यात असंच असतं, तिथे कुणी गिळत नाही. दिवसाला चाळीस नमुने, गिळणार कोण? मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. तिथे बसलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिला तुकडा, थू. दुसरा, थू. तिसऱ्याला सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं. आमच्या टायपिस्टच्या नवऱ्यानं खुर्ची सरकवून घेतली. मी टेबलाखालून पाय मारला, तर म्हणाली, "लागला का गं?"

चौथ्या तुकड्यात मॅडमना फुलांचा सुगंध सापडला. आत्यानं तो तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. एप्रनवाल्याला म्हणाली, "याला साबणाचा वास लागलाय. हे लोकांना देऊ नका."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडमचा चेहरा बघवेना. मी त्यांच्याकडे वाकले आणि म्हणाले, "सांभाळून घ्या, मॅडम. हल्ली तिचं डोकं जागेवर नसतं. विसरते. आपण काय करतोय तेच कळत नाही तिला."

हळूच म्हणाले. पण आत्या मला चिकटून बसली होती आणि तिचे कान चांगले आहेत.

तिनं कप खाली ठेवला. उरलेले तीन तुकडे गिळले. कुणी काही विचारलं की हसत होती.

१२ फेब्रुवारी

मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली, खांद्यावर हात ठेवला. "एकटी किती करतेस गं तू." टायपिस्टनं डब्यातला केक दिला. मी केक खाल्ला. थँक्यूही म्हणाले. लाज कशी वाटली नाही मला?

चिठ्ठी पर्समध्ये कोंबली.

१४ फेब्रुवारी

आत्यानं स्वयंपाकघरात कागद चिकटवलेत. "गॅस बंद केला, ८.१०." "गोळी घेतली." "किल्ली खिळ्याला." घोटीव अक्षरात.

समजायचं ते समजले. आत्या कधी भांडत नाही. लहानपणी मी काचेचा जग फोडून लपवला होता, तर रागावली नाही — नुसते तुकडे आणून माझ्या ताटाशेजारी ठेवले. हेही तसलंच. माझ्याच कर्माची फळं. मी कागद बघितलेच नाहीत असं दाखवलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

एप्रनवाल्याचा फोन! चौथ्या चॉकलेटचा ट्रे म्हणे फरशी पुसायच्या साबणाच्या कपाटात राहिला होता. त्याला स्वतःला कळलं नव्हतं. "तुमच्या आत्या कुठल्या कारखान्यात होत्या? असं थुंकून चव बघणारं माणूस धंद्यातलंच असतं." दर शनिवारी त्याला नमुने चाखून देतील का, असं विचारत होता.

धावत आत्याकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकताना तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग म्हणाली, "नको गं. आता माझ्या जिभेचं काय खरं? भलतंच सांगून बसेन, त्याचं नुकसान व्हायचं."

झालं, पुन्हा टोमणा! माझा तोल गेला. "बास कर ना आत्या. किती दिवस चालवणार आहेस?"

"काय बास करू?" म्हणाली. टॉवेल हातात तसाच.

मी दार आपटून बाहेर आले. चूक माझी, आणि वर आवाजही माझाच.

१८ फेब्रुवारी

माफी मागायची आहे. आज नाही मागितली.

२० फेब्रुवारी

आजही नाही. ती कणीक मळत होती, मी दारात उभी राहिले. पाणी पिऊन परत आले.

पर्समधली डॉक्टरांची चिठ्ठी सापडत नाहीये. फेकली असेन. बरंच झालं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवून अर्धी सुट्टी काढली. आज बोलायचंच. घरी आले तर कुलूप. दारावर कागद — "बाहेर गेले आहे. चारपर्यंत येते. घरचा पत्ता पिशवीत ठेवला आहे." पत्तासुद्धा! म्हटलं, आता हे अती झालं.

चारला आली. हातात दवाखान्याची फाईल. पायरीवरच बसली, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, सगळे बरोबर आले. पण मीच म्हटलं, पुन्हा एकदा नीट बघा."

"कुणी सांगितलं होतं तुला जायला?"

"तूच नाही का म्हणालीस त्या दिवशी? माझं मला कळत नसेल, बाळ. पण तू कशाला खोटं बोलशील?"