कवितेची दुसरी ओळ

चिमणे,

त्या दूरच्या ग्रहावर वस्तीला गेलीस की परत येणं नाही. काल जेवताना म्हणालीस, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर राहते." मी म्हटलं, "जा की! तेवढीच घरात शांतता." तू हसलीस, मी मान खाली घालून कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिलो.

शाळेपासूनची आपली रीत. दप्तर सावरत तू फाटकापाशी कवितेची पहिली ओळ म्हणायचीस, मी खिडकीतून दुसरी. आज कामावर निघताना तू पहिली म्हटलीस. दुसरी माझ्या ओठांवर होती, तरी मुद्दाम गप्प राहिलो. तू थांबलीस, वर पाहिलंस, मग दुसरीही स्वतःच म्हणत कोपऱ्यावरून वळलीस.

जमतं गं तुला.

हे पत्र मात्र उशीखालीच राहील. तुला दिलं, तर तू थांबशील.

खिडकीतला,
तुझा बाबा