लाल गाडीच्या चाकांचा कागद

३ एप्रिल
कागद, कागद, कागद. तीन वर्षं झाली माणूस मिरजेला जाऊन बसलाय, आणि फोन करतो तो मी जिवंत आहे का बघायला नाही, चाकांचा कागद सापडला का विचारायला. सासूबाईंना अर्धांग झाला म्हणून सहा महिन्यांसाठी गेले. सासूबाई गेल्या, त्यांचं वर्षश्राद्धसुद्धा झालं. आधी "पाऊस ओसरला की निघतो", मग "दिवाळी झाली की". आता तेही म्हणत नाहीत. आता म्हणे लाल गाडी विकायची. जर्मनीतला कोण गाडीवेडा आहे, फोटो बघूनच हो म्हणाला.
म्हटलं, विका. गाडी तुमची.
फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. पोळ्यांची कणीक तशीच उघडी.

५ एप्रिल
जर्मनवाल्याची ईमेल केतकीने फोनवर वाचून दाखवली. (पोरीला आता के. लिहिते, हात दुखतो.) दोघी अमेरिकेतच, पण ती अल्फारेटात, मी फ्रिस्कोत, दोघींच्या मधे तिची मीटिंग. घाईघाईत वाचते. मतलब असा: गाडी पन्नाशीच्या पुढची, चाकं तिच्या कंपनीची नाहीत, बाहेरची बसवलेली. तिकडे रस्त्यावर आणायची तर तपासणारा साहेब विचारणार, ही चाकं ह्या गाडीला चालतात कशावरून? छापील कागद पाहिजे, तोही त्या काळातला. माप किती, वजन किती पेलतं, कुठल्या गाडीला बसतं. आज कोणी लिहून दिलं तर चालत नाही.
"मग साधी चाकं लावून पाठवू."
"आई, ही वॉन्ट्स इट बिकॉज ऑफ द व्हील्स."
त्याला नजर आहे म्हणायची. आठ पाकळ्या एकेका चाकाला.

८ एप्रिल
आमच्यात आधी चाकं आली, गाडी नंतर. लग्न होऊन इथं आले त्या वर्षी हे भंगारातून चार चाकं माझ्या नव्या चादरीत गुंडाळून घेऊन आले. अपार्टमेंटच्या हॉलमध्ये मांडली. "गाडी कुठाय?" "येईल." चार वर्षं पलंगाखाली होती. झाडू मारताना हाताला लागायची, शिव्या द्यायची मी.
गाडी आली तेव्हा मला म्हणाले, शालन, तू बस आधी.

१२ एप्रिल
ह्यांची खोकी उपसली. ऑइलच्या पावत्या, बोल्टची पुडकी, के.च्या शाळेतली चित्रं. चाकांचं काही नाही.
फोन केला. म्हणाले, "कशाला हुडकतेस, चाकाच्या आतल्या बाजूला शिक्का आहे. काळ्या शाईचा. त्यात माप, वजन, सगळं. फोटो काढून पाठव, साहेब कदाचित ऐकेल."
जॅक लावला. मला येतं, ह्यांनीच शिकवलंय. चाक काढलं, उलटं केलं. ताम्हनासारखं लख्ख. दुसरं काढलं, तेही तसंच.
मग आठवलं. दर दसऱ्याला पूजेआधी हे चारी चाकं काढून द्यायचे आणि मी मागच्या अंगणात देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासायची. आतून बाहेरून. आत काळं दिसायचं ते ग्रीस समजून अजून जोर लावायची.
सगळा शिक्का मीच खाल्ला.

१३ एप्रिल
सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील.
म्हणाले, "मला माहीत होतं. पहिल्याच दसऱ्याला गेला तो."
"मग काल कशाला सांगितलंत आहे म्हणून?"
"वाटलं एखादं तरी वाचलं असेल तुझ्या हातून."
"आणि तेव्हा का नाही बोललात?"
"तू पदर खोचून अशी घासायला बसली होतीस, मधे कोण बोलणार?"
आणि हसले. किती महिन्यांनी. मी पण हसले, मग राग आला. असं हसायचं असेल तर इथं येऊन हसा.

१९ एप्रिल
जुन्या गाड्यांचा बाजार. शाळेचं पार्किंग, सगळे म्हातारे टोप्या घालून खुर्च्यांवर. बेकिंगच्या कागदावर पेन्सिल घासून चाकाचा छाप नेला होता. प्रत्येकाच्या तोंडापुढे धरला. माझं इंग्रजी असं, "धिस व्हील. ओल्ड पेपर. यू हॅव?" दोघं हसले. एकाने मला टायरचं दुकान सांगितलं. अक्कलशून्य.
शेवटी डेल म्हणून एक म्हातारा. छाप उन्हात धरला, बोटाने पाकळ्या मोजल्या. जुनी कॅटलॉगं जमवतो म्हणे. घरी आहेत, गुरुवारी ये.

२४ एप्रिल
डेलकडे गेले. चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेली, रिकाम्या हाताने कसं जायचं. गॅरेजभर कॅटलॉगं, वर्षावार लावलेली. तो वाचत होता, मी चित्रं बघत होते. माझं लवकर झालं. वाचता येत नाही नीट पण ती चाकं मला अंधारातसुद्धा कळतील.
एका पानावर चित्र. खाली तक्ता: आमच्या गाडीचं नाव, माप, वजन. कॅटलॉगवर वर्ष छापलेलं. डेलने टेबलावर थाप मारली.
मग विचारलं, "हजबंड?" म्हटलं इंडिया. "कमिंग बॅक?" म्हटलं, "कमिंग सून." पोळी मोडून खात बसला.
कॅटलॉग देऊन टाकलं. विकत नाही, देतो म्हणाला. एकच, गाडी जायच्या आधी त्याला एक चक्कर पाहिजे.

२७ एप्रिल
डेलला चक्कर मारून आणली. गाडी काढली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. तलावापर्यंत गेलो. डेल काच खाली करून हात बाहेर काढून बसला होता. मला सारखं वाटे उजवीकडून आता ह्यांचा आवाज येणार, "क्लच सोड, सोड, हळू."
त्याला घरी सोडून एकटीच परत अर्धा तास फिरले. वळताना चाकं पाण्यासारखी वळतात.

२९ एप्रिल
के.: "सापडलं ना? स्कॅन कर आणि पाठव. इट्स जस्ट अ कार, आई."
म्हटलं हो. पाठवलं नाही. ह्यांना सांगितलं अजून हुडकतेय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांच्याशी खोटं पहिल्यांदा.
ते म्हणाले, "बरं, बघ." आवाजावरून कळेना, वाईट वाटलं की बरं.

२ मे
फोन. जर्मनवाला थांबणार नाही, दुसरी गाडी बघतोय. "नाहीच सापडत का?"
मी विचारलं, गाडी गेल्यावर इथं तुमचं काय राहतं?
"असं काय बोलतेस."
"काय राहतं ते सांगा. शर्ट दोन वर्षांपूर्वीच मागवून घेतलेत."
मागे कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज. मग, "बघू, शालन. इथलं जरा..."
फोन कट केला. मग पुन्हा लावला, उचलला नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवला. जे बोलले ते इथं लिहून ठेवते, नंतर मला कोणी म्हणू नये मी असं बोललेच नाही.
अहो, कागद सापडलाय. माझ्याजवळ आहे. गाडीचं नाव, माप, वजन, सगळं बरोबर. पण पाठवणार नाही. आधी सांगा, तुम्ही येताय का नाही. येत नसाल तर नाही म्हणा, त्याच दिवशी कागद जाईल, गाडी जाईल, मी अडवणार नाही. येणार असाल तर तिकिटाची तारीख सांगा. "बघू" मला चालणार नाही. के.ला मधे घालू नका. दहा तारखेपर्यंत तुमच्या तोंडून उत्तर पाहिजे. माझ्याकडची दहा धरा, म्हणजे तुम्हाला साडेदहा तास जास्तच मिळतात.