नदीकडच्या गोलासमोर पुरलेले लिंबू

मी, देरामान बिन सेमान, वय एकाहत्तर, धंदा चपला-बूट शिवणे, राहणार कम्पुंग तिंगी गाव, केलांतान, मलेशिया, अल्लाच्या नावाने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो वयाने, कुणाच्या दबावाने नाही. बायको मेक याह शेजारी बसून टोमणे मारते आहे, त्याला दबाव म्हणत नाहीत.

१. घर आणि रबराची झाडे शरियतप्रमाणे वारसांत वाटावीत. तिथे माझी अक्कल चालत नाही.

२. आरी, दाभण, लाकडी फर्मे जावई हुसिनला. आधी दाभण धरायला शिक म्हणावं, मग दुकानाची पाटी रंगव.

३. जुसोह कारकून दुरुस्तीला टाकून गेलेल्या चपलांपैकी त्याला एकच परत द्यावी. आमच्या मामत गोलकीपरने लाच खाल्ली, ही आवई त्यानेच उठवली.

४. आता खरे काय ते. मलाया स्वतंत्र होऊन वर्ष झाले म्हणून १९५८ च्या ३१ ऑगस्टला आमच्या मैदानावर चषकाची स्पर्धा झाली. मी कर्णधार. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी मांत्रिकाकडून सुया टोचलेले लिंबू आणले आणि नदीकडच्या गोलासमोर खड्डा खणून पुरले. आमच्यावर गोल होऊ नये म्हणून! नाणेफेक हरलो आणि ती बाजू पाहुण्यांना गेली. मध्यंतरापर्यंत आमचेच फटके तिथे अडले. मग बाजू बदलल्या, मामत तिथे उभा राहिला. म्हटलं, आता जिंकलोच. शेवटी एक साधा घरंगळता चेंडू आला, तो अडवायला मामत वाकला आणि माझ्या भुसभुशीत मातीत त्याचा पाय रुतला. एक-शून्य.

"माती खचली हो!" मामत ओरडून सांगत होता.

"मैदान काय तुझ्याच पायाखाली खचतं होय रे?" जुसोह म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

लाचेच्या आवईपायी मामत नदीपलीकडे राहायला गेला. चाळीस वर्षांत त्याने इकडे पाऊल ठेवलेले नाही. जुसोहला खरे ठाऊक नव्हते, मला होते. मला माझी लाज वाटते. कलम ३ दुरुस्त: दोन्ही चपला द्याव्यात.

५. ~~माझ्या दफनानंतर ही कबुली मैदानावर मोठ्याने वाचावी.~~ हे खोडले. मेक याह म्हणाली, "अहो, मेल्यावर कबुली देताय होय? मग मामतभावोजींनी शिव्या कुणाला घालायच्या, मातीला?" खरं आहे तिचं. आज दुपारच्या होडीने पलीकडे जाऊन मामतला आधी सांगणार. उद्या यंदाच्या चषकाच्या अंतिम सामन्याआधी मैदानावर मी स्वतः वाचणार. लोक थुंकले तर थुंकोत.

कम्पुंग तिंगी, ३० ऑगस्ट १९९८
(सही) देरामान बिन सेमान

साक्षीदार १: (सही) इमाम याकोब बिन लतेह

साक्षीदार २: ही जागा मामत बिन सालेह याच्यासाठी मोकळी. त्याची सही होईपर्यंत हे मृत्युपत्र अपुरे समजावे, आणि तोवर मला मरायला सवड नाही.